मऊ तोंड

फॉउसेक म्हणजे मिशीवाला. चेक भाषेत एवढाच अर्थ.
बाकी सगळं वोइमीरनं कपाटाच्या दारावर लिहून ठेवलंय,
जंगलखात्याच्या निळ्या पेन्सिलीनं,
हॉस्पिटलातून शेवटचा एका रात्रीपुरता घरी आला तेव्हा:

जेवल्यावर तासभर पळू द्यायचं नाही, पोटाला पीळ पडतो.
तळ्यातून आला की कान आतून कोरडे करायचे.
मेलेले केस कात्रीनं नाही, चिमटीनं उपटायचे. दुखत नाही त्याला.
दिवसाला दोन तास. पाऊस असला तरी. विशेषतः पाऊस असला की.

माझ्याबद्दल एक ओळही नाही त्या दारावर.
मी शोधली. आतल्या बाजूलाही.

मी बत्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले,
कुत्र्यांना घाबरणारं खातं आमचं.
आणि आता हा तीस किलोंचा दाढीवाला
पाणी पितो, त्यातलं अर्धं दाढीत भरून आणतो
आणि माझ्या मांडीवर रितं करतो.
बोटांच्या बेचक्यांत गोखरू, काखेत गोचिडी.
रोज संध्याकाळी चष्मा लावून
मसूर निवडावी तशी मी त्याला निवडते.

याला सगळं येतं, म्हणायचा वोइमीर.
तितराचा वास येताच दगड होणं,
गोठायला आलेल्या पाण्यातून बदक काढून आणणं,
जखमी हरणाचा माग, थेंबाथेंबानं, रात्रभर.
बंदूक मी परवान्यासकट परत केली.
मग सगळं येणाऱ्यानं करायचं काय?
पहिल्या हिवाळ्यात त्यानं खुर्ची खाल्ली.
वोइमीरची नव्हे, माझी.

मार्चमध्ये एका सकाळी दारात उभा,
गाल फुगलेले, डोळे अगदी प्रामाणिक.
हात पुढे केला तर तळव्यावर
एक अंडं. गरम, ओलं. कुठे चरासुद्धा नाही.

आमच्याकडे कोंबड्या नाहीत.
कोंबड्या द्राहोमीराकडे, कुंपणापलीकडे.
तिच्याशी आमचं अकरा वर्षं बोलणं नाही,
एका सशावरून: तो नेमका कुणाच्या हद्दीत पडला.
ससा कधीच खाऊन झाला.
भांडण मात्र पुरवून पुरवून ठेवलं होतं.

अंडं तिच्या फाटकाच्या खांबावर ठेवून मी पळाले,
साठी उलटलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी.
दुसऱ्या दिवशी दुसरं.
तिसऱ्या दिवशी दोन, दोन फेऱ्यांत.
चौथ्या दिवशी खांबापाशी तीच उभी.

"कोंबडी उठतसुद्धा नाही," म्हणाली.
"तिच्या पोटाखालून काढतो. मी बघत असते, खिडकीतून."
अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, तेही कोंबडीचं.
मग बराच वेळ आम्ही दोघी ब्रोककडे बघत राहिलो,
एकमेकींकडे बघायची सवय गेली होती.
"नाव काय ठेवलंय?"
"ब्रोक." छर्रा.
ती हसली. मग मीही.

आता टोपली तोंडात धरून तोच जातो-येतो.
तिकडून अंडी, इकडून वाचून झालेलं वर्तमानपत्र,
एकदा फडक्यात गुंडाळून खसखशीचा केक.
तो मात्र पोचला नाही.
मऊ तोंडालाही काही मर्यादा असतात.

ऑक्टोबरात तळं उपसतात, कार्प धरायला.
माणसं कंबरेपर्यंत चिखलात, आरडाओरडा, जाळी,
आणि हा काठावर पुढचा एक पाय उचलून थांबलेला,
शेपटी सरळ, नाक पलीकडच्या लव्हाळ्याकडे.
तिथे बदक नसतं. मी बघून आले आहे.
तरी चल म्हणत नाही.
त्याच्या मागे तशीच उभी राहते,
थंडीनं गुडघे बोलायला लागले तरी,
तो आपणहून पाय खाली टेकवेपर्यंत.

मग घर. टॉवेल. कान, आतून.

दारावरच्या यादीखाली काल मी एक ओळ वाढवली,
साध्या बॉलपेननं:
अंडं आणलं की लगेच हात पुढे करायचा.
त्याला वाट बघायला लावायची नाही.